सुनेच्या ताटाबाबत

मी बानू, वय त्रेसष्ट, मूळची हर्णैची, हल्ली मुक्काम मुलाकडे, अमिरातीतलं फुजैरा, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून बघावा.

कलम १. मुनीरला त्याचा वाटा शरियतप्रमाणे मिळेलच. सून वारस ठरत नाही, म्हणून जैनबसाठी मुद्दाम लिहिते: माझ्या चारही सोन्याच्या बांगड्या तिच्या.

कलम २. सासूबाईंची पितळी पळी उम्म अल कुवैनच्या भंगारवाल्याला द्यावी. अल्ला त्यांना जन्नत देवो, तिथे वाढायला मात्र दुसऱ्या कोणाला ठेवो. मुनीर पोटात होता तेव्हा आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग सासूबाई, आणि शेवटी मी आणि पातेल्याचा तळ. मुनीर जन्मला पावणेदोन किलोचा. आज शंभर किलोला टेकलाय आणि पस्तिशीतच इन्सुलिन टोचतो.

कलम ३. त्याच्या रिपोर्टांची फाइल होणाऱ्या नातवंडाला. डॉक्टर नबिलाने मला विचारलं होतं, हा पोटात असताना तुम्ही काय खायचात? मी म्हटलं, उरलेलं. तिने समजावलं की आईच्या पोटात कमी मिळालं तर बाळाच्या जीन्सवर त्याच्या खुणा राहू शकतात. अंग साठवून ठेवायला शिकतं आणि पुढे भरपूर मिळालं की तेच अंगाशी येतं. एकट्या त्यानेच होतं असं नाही, असंही ती म्हणाली. मुनीरने त्यातून एवढंच ऐकलं की बिर्याणी निर्दोष सुटली.

कलम ४. हे माझ्याच विरुद्ध आहे. जैनबला पाचवा महिना आहे. काल जुम्म्यानंतर पाहुणे जेवले, मुनीर जेवला, मी जेवले. तिच्यासाठी कालवणात सुरमईचं डोकं तेवढं उरलं. ती म्हणाली, "अम्मी, मला भूकच नाही."

हे वाक्य मी स्वतः नऊ महिने म्हटलं होतं. काल वाढणारी मी होते. मला लाज वाटली, अजून वाटते.

बाकीची कलमं मी मेल्यावर. हे आज दुपारपासून लागू: पहिलं ताट जैनबचं, मोठी तुकडी तिची, आणि तिचं पोट भरेपर्यंत कोणी भांड्याला हात लावायचा नाही. मी मरायची वाट बघितली तर बाळ तोवर कॉलेजात जाईल.

ठिकाण: फुजैरा. शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, दुपारी एक.

सही: बानू

साक्षीदार: १. डॉ. नबिला २. फैज, खालच्या मजल्यावरचे

वाचलं, मान्य आहे. जैनब जेवते आहे, मी थांबलो आहे: मुनीर