दुसरं इंजेक्शन

७ मे
कुरुळी. सखूबाईंची म्हैस. चार दिवस हगवण, अंगात ताप. बोअरच्या पाण्याला वास येतो म्हणून तोंड लावत नाही, टँकर आलेला नाही. डोळे खोल गेलेले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक, पूर्ण डोस, मांडीत. गाडीत सलाइनच्या दोनच बाटल्या होत्या, त्या लावल्या. म्हशीला दोन म्हणजे काहीच नाही. सून वंदना म्हणाली, "मॅडम, चाकणहून अजून आणू का?" उद्या बघू म्हटलं. तळवड्याच्या दोन केस राहिल्या होत्या.

८ मे
फरक शून्य. ताप तसाच. सखूबाई : "कालच्यानं काय झालं न्हाई, डॉक्टरीणबाई. आज जरा जोराचं द्या." पुन्हा तेवढंच दिलं. सलाइन आणायचं आजही राहिलं.

९ मे
आज खोकाभर सलाइन नेलं. दुपारपर्यंत शिरेतून चढवलं, नळीने पोटातही पाणी सोडलं. उठली! सखूबाईंनी मला बळंच चहा पाजला. लघवी मात्र अजून नाही.

१० मे
लघवी थेंब-थेंब, तांबडी. पुन्हा बसली. रक्त चिंचवडला लॅबमध्ये दिलं. संध्याकाळी रिपोर्ट. किडन्या गेल्यात.
पहिलं औषध लागू पडलं नाही असं मला वाटलं. ते मांडीतच पडून होतं. अंगात पाणी नाही, मांसात रक्त पोचत नाही, मग औषध उचलणार कोण? काल पाणी चढवलं तसे दोन्ही डोस रक्तात उतरले असणार. हे औषध साचलं की किडन्याच जाळतं, आणि बाहेर टाकायला त्या आधीच सुकलेल्या. कॉलेजात शिकलेय हे. परीक्षेत लिहिलंय.

१२ मे
सकाळी गेली.
सखूबाई सुनेवर तुटून पडल्या. "तुमी यायच्या आदी म्या चार दिस गावाला काय गेले, हिनं पानी न्हाई पाजलं. कंपनीत जाती, जनावराकडं बघतंय कोन!" वंदना शेण भरत होती, मान वर केली नाही. मी म्हटलं, "किडनी गेली होती, सखूबाई." खरंच आहे. अर्धं.

१५ मे
वंदनाचा फोन. कंपनीतलं काम सोडायला लावतायत. "तुम्ही सांगा ना मॅडम. मी दोन हंडे शेजारून आणून ठेवत होते रोज. तुमचं ऐकतील त्या."
उद्या येते म्हटलं.

१६ मे
गेले. सांगून टाकलं. चूक माझी. आधी पाणी भरायला हवं होतं, त्याआधीच दुसरं इंजेक्शन मारलं.
सखूबाई : "म्हंजी औषधानं मेली?"
"औषध अंगातून बाहेर पडलं नाही. पाणी कमी होतं म्हणून."
"मंग पान्यावरच आलं की."
"नाही हो. वंदना बाटल्या आणते म्हणाली होती. मीच नको म्हटलं."
सखूबाई : "थोरल्या म्हशीलाबी कालपासनं हगवण लागलीय. दुसरा डॉक्टर बोलावलाय आमी. तुमी जावा."
वंदना गाडीपर्यंत आली. "त्याच दिवशी का नाही बोललात? चार दिवस या घरात मी..." मी गाडी चालू केली.
सोमवारी तिची कंपनीत सकाळची शिफ्ट. जाऊ देतायत का, विचारायचा धीर झाला नाही.