डावीकडच्या मोराचा तुरा

मास्तर, तुमच्या पंचिंगच्या खोलीतली पूर्वेची खिडकी अजून डोळ्यांसमोर आहे. वळसंगहून येऊन मला तिसरा महिना. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, त्या भोकांवरून माग चादरीत नक्षी उचलणार. मी पाडलेलं कार्ड तुम्ही उजेडाला धरता, एक डोळा मिटून बघता आणि तेलुगू मिसळून म्हणता, "एमिरा, काय रे, डोळे गावाकडं ठिवून आलास का? हे भोक जास्तीचं हाय. मागावर चढलं की हजार चादरीत हेच दिसंल. मग काय घरोघरी जाऊन बुजवणार हाईस?" मला लई राग आला होता. संध्याकाळी तुम्ही तुमचा लाकडी मुठीचा पंच माझ्या हातात ठेवलात. "आदी उजेड, मग माग," एवढंच बोललात.

आता कार्डं गेली, डिझाइन संगणकावर होतं. तो मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, हे मुद्दाम सांगतो. फेसबुकवर माझ्या चादरींचं पान आहे. प्रत्येक फोटो टाकण्याआधी उजेडाला धरतो: मागं घराची पाटी दिसते का, गिऱ्हाइकाचा नंबर राहिला का, लिहिलेला शब्द उद्या चारचौघांत वाचून दाखवता येईल का. गल्लीतली पोरं हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखानदारानं स्वतःच्या चादरीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की, माझ्या चादरीवरची मोरांची जोडी त्याच्याकडून चोरलेली आहे, त्याची जुनी आहे. दुपारच्या आत दोन कायमच्या गिऱ्हाइकांचे फोन. "खरं हाय का वो?" तीस वर्षांचं नाव, मास्तर, आणि असा प्रश्न. मी उत्तर टाइप केलं. बायको म्हणाली, "दावा की आदी." आणि मोठ्यानं वाचायला लागली. "ह्यात त्येंचा बाप कुटनं आला? आन् त्येंच्या मेव्हण्याचा नंबर कशाला टाकलाय? चादरीबद्दल एक शब्द न्हाय की ह्यात!"

सगळी जास्तीची भोकं. पुसून टाकली. आधी त्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला, मग दोन्ही चादरींचे फोटो मोठे करून काडी काडी मोजत बसलो. उजवीकडच्या मोराच्या तुऱ्यात पाच काड्या. डावीकडच्या मोराला चार. माझ्यातही चार, त्याच्यातही चार.

मग लिहिलं: "आपल्या चादरीत डावीकडच्या मोराला एक काडी कमी का, एवढं कृपया सांगावं." खाली माझ्या पानावरचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो, तारीख दिसेल असा. तासाभरानं त्याचं उत्तर आलं, "आमची नक्षी तशीच आहे." मी लिहिलं, "ती माझी खूण आहे. एक काडी मी मुद्दाम सोडतो."

काय सांगू! ग्रुपवर नुसत्या टाळ्या. संध्याकाळी त्यानं मेसेज काढून टाकला, सगळ्यांसमोर लिहिलं की गैरसमज झाला, माफी असावी. सकाळी फोन केलेली दोन्ही गिऱ्हाइकं परत बोलली. एकानं ग्रुपवर लिहिलं, "मानलं, मास्तर!" मला मास्तर म्हणाला तो. मी तो शब्द चार वेळा वाचला, बायकोला दाखवला, ती म्हणाली, "कळलं, कळलं, आता जेवा."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुमच्या पंचाच्या डब्यात ठेवतोय. आणि तिथं ठेवायचं तर खरं लिहायला हवं. मी कधी काडी सोडत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? खूण बिण काही नव्हती, मास्तर. चूक होती. दोन वर्षं शेकडो चादरींतून गेली आणि मला त्याच दुपारी दिसली. उत्तरातलं बाकी सगळं उजेडाला धरलं, तेवढं एक वाक्य धरलं नाही.

आता पाचवी काडी घालायची सोय राहिली नाही. काल नवी जोडी काढली. डावीकडे चारच काढल्या. मोजून.