बालाजीरावांची मराठी

३ मे २००४, सोमवार. मैलापूर, चेन्नई

पोचले एकदाची! आईनं दिलेले बेसनाचे लाडू नागपूर यायच्या आतच संपले. शेजारच्या बर्थवरच्या काकूंनी मागून मागून खाल्ले, आणि उतरताना मला विचारून गेल्या की तमिळ शिकायला कुणी पैसे देऊन जातं का. जातं, काकू. उलट सरकार मला पैसे देतंय.

सकाळी थेट नुंगंबाक्कमला संस्थेत गेले. आमचे शिक्षक नारायणस्वामी अंगानं काटकुळे, आवाजानं मात्र दांडगे आहेत. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हा अकरा जणांकडून लिहून घेतलं: आठ आठवडे वर्गात, घरी, रस्त्यात फक्त तमिळ. मातृभाषा बंद. रविवारी घरी एक फोन तेवढा माफ. जो पहिला येईल त्याला दोन वर्षांची फेलोशिप. मला ती हवी आहे. फार हवी आहे. कुलूप तोंडाला लावायला सांगितलंय, हाताला नाही, म्हणून ही वही बिनदिक्कत मराठीत.

संध्याकाळी संस्थेनं माझं राहायचं घर दाखवलं. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत दुसरा मजला, यजमान नवरा-बायको, जयंतीअक्का आणि व्यंकटेश अण्णा. दारावरची पाटी 'बालाजीराव' वाचली आणि उंबऱ्यातच थबकले. तंजावूरकडचे मराठी! यांना कळलं मी मराठी आहे की माझे लाड होणार, मराठीत गप्पा होणार आणि माझं तमिळ बुडणार. म्हणून अक्कांनी 'हिंदी का?' असं विचारल्यावर मी मान डोलावली. इंदूर म्हटल्यावर कुणाला शंका येणार? आडनावात 'कर' नाही हेही पथ्यावर पडलं. थाप बारीकशीच आहे. छान निभावली.

९ मे, रविवार

घराची घडी कळली. पाणी एक दिवसाआड लॉरीनं येतं. तेव्हा सगळी गल्ली प्लॅस्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावते, मीसुद्धा. रांगेतल्या भांडणांतून मी जे तमिळ उचललंय ते नारायणस्वामी कधीच शिकवणार नाहीत.

पाटीवरचे बालाजीराव म्हणजे अण्णांचे वडील. आतल्या खोलीत असतात. रेल्वेत हेडक्लार्क होते, चार भाषा अस्खलित बोलायचे. जानेवारीत त्यांना झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याच्याबरोबर तमिळ, इंग्रजी, तेलुगू, सगळं गेलं. उरली ती फक्त लहानपणची घरची मराठी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. समोर बोललेलं तमिळही त्यांना कळत नाही.

अडचण अशी की या घरात मराठी बोलायचे ते फक्त बालाजीराव आणि त्यांच्या बायको सुंदरीबाई. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. अण्णांना ऐकून सगळं कळतं, बोलता येत नाही. अक्का तमिळ घरातल्या, त्यांना दोन-चार शब्दांपलीकडे काही कळत नाही. अण्णा ऑफिसातून येईपर्यंत म्हातारा आत बोलत राहतो आणि अक्का नुसत्या बघत राहतात. आज भाजी चिरताना त्या म्हणाल्या, कुणी मराठी कळणारं दुपारचं तासभर जरी घरात असतं तरी मी देवाला नारळ फोडला असता.

मी भेंडी चिरत राहिले. जरा चोरट्यासारखं वाटलं. पण जराच.

१४ मे, शुक्रवार

आज फजिती होता होता राहिली. अक्का त्यांना दहीभात भरवत होत्या आणि मी दारात उभी होते. बालाजीराव गंभीर चेहऱ्यानं, स्तोत्र म्हणावं तसे म्हणाले, "व्यंकूनं हिचं सांबार आधीं चाखलं असतं तर अजून ब्रह्मचारीच असता."

माझ्या नाकातून हसू फुटलं. लगेच खोकले, फोडणीचा ठसका लागल्याचं नाटक केलं. अक्कांना काही कळलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग एक डोळा मिचकावला.

१६ मे, रविवार

एसटीडी बूथवरून घरी फोन. ताईला बालाजीरावांची नक्कल करून दाखवली. ते 'इकडे'ला 'हिंग' म्हणतात, 'सगळं'ला 'अस्कं', 'नको'ला 'नोको', आणि वर तमिळचा हेल. ताई हसून हसून लोळली. परत कर, परत कर म्हणाली. तीनदा केली. बूथवाला माझ्याकडे बघत होता.

२१ मे, शुक्रवार

वर्ग एकला सुटतो. अक्का दोन ते चार शेजारच्या मुलींना वीणा शिकवायला जातात. त्या वेळात घरात आम्ही दोघंच. मला मराठी कळतं हे बालाजीरावांना पक्कं माहीत आहे. "हिंग ये, पोरी," असं म्हणतात, आणि मी गेले नाही तरी भिंतीपलीकडून बोलतात. आज अडीचला त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली: वऱ्हाडाची बैलगाडी कावेरीच्या वाळूत रुतली, सुंदरीबाई नऊवारी खोचून उतरल्या आणि स्वतः चाकाला खांदा दिला. मी पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकलं. एकदा तरी हुंकार द्यायला हवा होता, इतकं सुंदर सांगत होते. दिला नाही. लिहून दिलंय ना. शिवाय आता कबूल करायचं म्हणजे अक्कांना काय तोंड दाखवू? अठरा दिवस त्यांना बनवलं. परीक्षा झाली की जाताना सांगून टाकीन. हसतील आणि सोडून देतील.

चाचणीत पहिली आले.

२७ मे, गुरुवार

लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर मी हेही उद्या नाकारीन.

काल दुपारी तीनला अक्का घरीच होत्या, शिकवणीला सुट्टी होती. आतून धाप ऐकू आली म्हणून दोघी धावलो. बालाजीराव घामानं भिजले होते. अक्कांनी, उकाड्याचा त्रास समजून, त्यांना उताणं निजवलं, पंखा वाढवला, कपाळाला विभूती लावली. ते डाव्या हातानं त्यांना ढकलत होते आणि म्हणत होते, निजवू नोको, उठवून बसव, निजलं की श्वास कोंडतो, खालच्या डॉक्टरला बोलाव. अगदी स्पष्ट. एक शब्द अडखळला नाही.

अक्का रडायला लागल्या. माझे खांदे धरून विचारलं, काय म्हणतात गं, तुला काही कळतं का? हिंदीसारखं असेल, बघ ना.

मी मान हलवली. "तेरियादु," म्हणाले. माहीत नाही.

तेव्हा बालाजीरावांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "तूं तरी सांग हिला."

मी सांगितलं नाही. का? त्या क्षणी मला फेलोशिपही आठवत नव्हती. एवढंच वाटलं की आत्ता बोलले तर यांना कळेल मी इतके दिवस खोटं बोलत होते. तेवढ्या लाजेपायी. अक्कांनी अण्णांना फोन लावला, ते जागेवर नव्हते. त्या परत येऊन सासऱ्यांचे पाय चोळत बसल्या. ते आणखी दोनदा बोलले, माझ्याकडे बघत. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

डॉक्टर आले तेव्हा पावणेचार झाले होते. म्हणाले, उठवून बसवलं असतंत आणि लगेच हाक मारली असतीत तर वाचले असते. डॉक्टर खालच्याच मजल्यावर होते.

अण्णांनी एकच विचारलं. शेवटी अप्पा काय म्हणाले? अक्का म्हणाल्या, मला मेलीला काय कळतंय. मी दोघांच्या मधे उभी होते.

३० मे, रविवार

मी किळसवाणी आहे. या लोकांच्या घरचं जेवते आहे. अक्का स्वतःलाच दोष देत फिरतात, जेवत नाहीत. मी काल तमिळमध्ये वाक्यं जुळवली: मला मराठी येतं, मला कळलं होतं. आरशासमोर पाठ केली. स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि काय हवं विचारल्यावर पाणी मागितलं.

दुपारी अडीचला आतल्या खोलीतून आवाज आला. गोष्ट पुढे चालू झाली. कावेरीची वाळू, चाक निघालं, मग वऱ्हाड उशिरा पोचलं म्हणून भटजी रुसले. मी कान दाबले. तरी ऐकू येत होतं. अक्का समोर तांदूळ निवडत होत्या. त्यांना काही नाही.

१ जून, मंगळवार

आजही अडीचला. गोष्ट संपली. मग म्हणाले, आता हिला सांग.

वर्गात नारायणस्वामींनी प्रश्न विचारला आणि मला तो कळला नाही. साधा असणार, कारण सगळे हसले. फळ्यावरची अक्षरं नुसत्या रेघोट्या दिसल्या. ताप असेल.

३ जून, गुरुवार

ताप नाही. तमिळ गेलं. बस कंडक्टर काय म्हणाला कळलं नाही. उतरून रिक्षा केली, इंग्रजीत बोलायला गेले तर तोंडात शब्दच नाही. 'मैलापूर' एवढंच परत परत म्हणाले. त्यानं हातानं आकडे दाखवले.

अक्का जवळ बसून काहीतरी बोलल्या, मायेनं, माझ्या केसांवरून हात फिरवत. एक शब्द कळला नाही. मी आता सांगायला तयार आहे. आत्ता, या क्षणी. मी मराठीत सांगितलं. सगळं. त्यांनी पदरानं माझा घाम पुसला.

६ जून, रविवार

ताईला फोन. ताईला मराठी कळतं, ताई मला येऊन नेईल. मी म्हटलं ताई, मज हिंग राहायचं नोको, अस्कं गेलं, तूं ये—

ती हसायला लागली. म्हणाली, अगं पुरे की, मेला म्हणालीस ना तो म्हातारा, आता तरी नक्कल सोड. मी रडले. ती म्हणाली, रडण्याची नक्कल तर काय झकास करतेस. आईला हाक मारली, ये ऐक म्हणून. आईही हसली. मी ओरडले. बूथवाल्यानं रिसीव्हर काढून घेतला.

दुसरं मराठी येत नाही तोंडातून. लिहितानाही हात थांबतो. 'इकडे' लिहायला वेळ लागला.

७ जून. तेरावा

आज ठरवून गेले. अण्णांना ऐकून कळतं. वडलांची मराठी त्यांना अस्की कळते. पाहुणे जेवून गेल्यावर त्यांच्यापुढे बसले, पायांवर हात ठेवले आणि सांगितलं. थाप, नक्कल, ती दुपार, निजवू नोको म्हणाले ते, तूं तरी सांग म्हणाले ते. काही वगळलं नाही. म्हटलं, मीं तुमचा बाप मारला, लाजेपायीं मारला.

त्यांचे डोळे भरले. कळलं. शब्द न् शब्द कळला त्यांना, मीं शपथ घेऊन सांगते.

अक्का धावत आल्या आणि माझ्याकडे हात करून त्यांना काहीतरी विचारलं. तमिळमध्ये. मज शब्द कळले नाहीत पण काय विचारलं ते कळलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश मान हलवली. तीच मान. अगदी माझीच. "तेरियादु."

आणि उठून गेले.

८ जून

कोणी बोलत नाही. म्हणजे बोलतात. मज कळत नाही.

अडीच वाजले. आंत खुर्ची ओढली.

८ — अजून तीच दुपार

म्हणतात, मज कळलं पोरी. अस्कं कळलं. बेस सांगितलंस.

म्हणतात परत सांग. पहिल्यापासून. हिंग बस.

सांगितलं. परत म्हणतात.

परत—

घड्याळ अडीचच दाखवतं. गळा सुकला. दुसरं कोण आहे मज ऐकायला. बसले आहें त्यांच्यापुढें, वही मांडीवर. सांगते, बाबा, सांगते. त्या दिवशीं दुपारीं अक्कांनी माझे खांदे धरून विचारलं, तुज काहीं कळतं का, आणि मीं