खोटा माल

३ फेब्रुवारी

बारा दिवसांनी कामावर गेले. टेबलावर माझ्या औषधकप्प्याचा नमुना होता तसाच होता, फक्त धूळ बसलेली. साहेब जवळ आले. "वाईट झालं. सावकाश घे, घाई करू नकोस." आणि पाठोपाठ, "साचा चोवीसला कापायला जायचाय, हं." म्हणजे घाई कर!

फ्रीज म्हटलं की लोकांना गारवा आठवतो. गारवा आमच्याकडे दुसरी माणसं करतात. मी कप्पे आखते. दूध कुठे, अंडी कुठे, उंच बाटली उभी की आडवी, दार धाडकन लावलं तर कोण पुढे येऊन कोलमडेल — हे ठरवायचा मला पगार मिळतो. बाबा मला 'कप्पेवाली' म्हणतात.

म्हणायचे.

५ फेब्रुवारी

आत्या अजून राहिली आहे. तिच्या भावाचं घर, ती राहणारच. आज तिने फ्रीज पुसला आणि म्हणाली, "दोघींच्या जिवाला एवढं कपाट कशाला गं? नुसता वारा खेळतोय आत."

खरंच खेळतो. अर्धा लिटर दूध, चार अंडी, एक लिंबू. बाबा होते तेव्हाही फारसं वेगळं नव्हतं.

हा फ्रीज कारखान्याने मला नमुना म्हणून दिलेला, माझा कप्पा बसवून. तो कप्पा बाबांसाठीच सुचला होता. त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या वरच्या कप्प्यात दुधाच्या पातेल्यामागे हरवायच्या. दारात ठेवल्या तर दार सारखं उघडतं, तिथे गारवा टिकत नाही. म्हणून वरच्या काचेखाली लटकणारा, पुढे ओढायचा, आरपार दिसणारा छोटा खण केला. बरोबर बाबांच्या छातीच्या उंचीला. वाकायला नको, शोधायला नको.

रोज सकाळी माझ्यासमोर खण ओढून हजेरी घ्यायचे. "बाटली एक? हजर! बाटली दोन? हजर!" मी डबा भरत हसायचे. सुई मात्र माझ्यासमोर कधीच टोचून घेतली नाही. म्हणायचे, तू बघितलंस की मला जास्त दुखतं.

७ फेब्रुवारी

अंड्यांच्या ट्रेला दोन खाचा वाढवल्या. परत काढून टाकल्या. दिवस संपला.

१० फेब्रुवारी

ते लिहायचं टाळत होते. लिहून टाकते.

गेल्या वर्षी हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — जिने बंद. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी या माणसाचं सकाळ-संध्याकाळ एकच पालुपद, "खाली एक चक्कर मारून येतो." गेले चार महिने एक दिवस खाडा नाही. मी भांडले. रुसले. एकदा तर चप्पल लपवून ठेवली, तर अनवाणी गेले! कुणाच्या बापाला ऐकतील तर शपथ. मी म्हणायचे, असं काय ठेवलंय खाली? "हवा," म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी वर येताना दुसऱ्या मजल्यावर बसले ते उठलेच नाहीत. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला हाक मारली. त्या बिचाऱ्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, गाडी चुकेल म्हणून रडत रडत गेल्या. बाबा दोन दिवस दवाखान्यात होते. मग नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर यायची का त्यांना?" आत्या म्हणाली, "यायची कसली, मारायला जायचे!" आणि मला हसू फुटलं. तिथे, सगळ्यांदेखत! मग ते म्हणाले, "साखर फार वाढलेली दिसतेय. हृदयाच्या झटक्यात ती वाढतेही म्हणा. पण इन्सुलिन नीट ठेवत होता ना?"

मी ताठ मानेने सांगितलं, "हो. त्याचा कप्पा मीच केलाय."

१३ फेब्रुवारी

आत्याने बाबांची औषधं आवरायला घेतली. खण ओढला. "अगं, हे दगड झालंय की."

दोन्ही बाटल्या गोठलेल्या. एक तडकलेली. मागच्या डाव्या कोपऱ्यात बर्फाचा पांढरा थर.

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. पुन्हा वितळलं तरी उपयोग नाही, पाण्याइतकंच. दिसायला मात्र औषधच दिसतं. हे मला माहीत आहे! कप्पा करण्याआधी मी सगळं वाचलं होतं. दार गरम म्हणून दारात नको, एवढंच डोक्यात धरून बसले. फार गार हाही धोका असतो हे कुठे गेलं?

किती दिवस ते पाणी टोचून घेत होते?

आत्याला काही बोलले नाही. बाटल्या फडक्यात गुंडाळून टाकून दिल्या.

१४ फेब्रुवारी

बाबांना माझ्या कप्प्याने मारलं. लिहून बघितलं. खोटं वाटत नाही.

१७ फेब्रुवारी

चाचणीच्या खोलीत गेले. तिथल्या माणसाला आम्ही 'पारा' म्हणतो, अंश चुकला की त्याचं डोकं तापतं. त्याच्या वहीत माझा कप्पा पास. मोठ्या अक्षरात. मागचा कोपरा, तीन अंश. अगदी हवा तसा.

"मग घरी बर्फ कसा झाला?"

"दार नीट लागत नसेल."

मी फ्रीज उघडला. आत नेहमीप्रमाणे खोटा माल ठासून भरलेला. चाचणीत आम्ही खरं अन्न ठेवत नाही. पाण्याच्या सीलबंद बाटल्या, मिठाच्या पाण्याच्या पिशव्या, वाळूचे डबे. त्याला सगळे खोटा माल म्हणतात. बाबांना हा शब्द भारी आवडला होता. मी घरी आले की पहिला प्रश्न, "काय कप्पेवाली, आज किती खोटा माल भरलास?" त्यांनी माझ्याकडून रिकाम्या बाटल्या पाण्याने भरून सीलबंद करायची पद्धतसुद्धा शिकून घेतली होती, उगाच, हौस म्हणून.

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही कायम फ्रीज भरून तपासतो. माल आडवा आला की मागच्या भिंतीतली थंड हवा अडते, पसरते. आत काही नसेल तर? ती सरळ माझ्या खणात शिरणार.

पाऱ्याला म्हटलं, हे सगळं काढ. अर्धा लिटर दूध, चार अंडी, एक लिंबू एवढंच ठेव आणि दोन दिवस चालव. तो हसला. "इतका रिकामा फ्रीज कुणाचा असतो?"

"माझा," म्हटलं. मग तो हसला नाही.

१९ फेब्रुवारी

मागचा डावा कोपरा — उणे दोन.

बाटली मागे पडू नये म्हणून खणाची मागची कड मी उंच ठेवली होती. आठ मिलिमीटर जास्त. त्या कडेला थंड हवा अडते आणि वळून खणात पडते. मीच वाढवली होती ती कड. बाबांचे हात थरथरायचे, धक्क्याने बाटली मागे जाऊ नये म्हणून.

२० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, साचा थांबवा. ते वैतागले. "पास झालेली वस्तू तू नापास करतेस? आणि रिकामा फ्रीज कोण तपासतं?"

"ज्यांना औषधाचा कप्पा लागतो ना साहेब, त्यांच्याच घरी फ्रीज रिकामा असतो. म्हातारी माणसं. एकटी, नाहीतर दोघं."

तरी त्यांची मान हलेना. मग तोंडातून गेलंच. "माझ्या वडिलांची बाटली गोठली होती. ह्याच खणात."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कड किती कमी करायची?"

"आठ."

साचा पुढे ढकलला. मी जिन्यात जाऊन रडले. पोटभर.

२५ फेब्रुवारी

आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तिचा धाकटा भाऊ होता तो! तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. "वेडी कुठली. त्याचं काळीज आधीच थकलं होतं. आणि तुझ्या कप्प्याचं कौतुक करून त्याने माझे कान किटवले होते, ते नाही आठवत?" आठवतं की. तेच तर सलतंय.

२ मार्च

नवा खण तयार. कड खाली, मागे हवेला बगल देणारी छोटी पट्टी. भरलेल्या फ्रीजमध्ये तीन अंश, रिकाम्यात साडेतीन. पाऱ्याने स्वतः रिकाम्या फ्रीजचं नवं पान वहीत घातलं आणि वर लिहिलं, 'दूध, अंडी, लिंबू'. म्हणाला, यापुढे प्रत्येक कप्पा असाही तपासायचा.

घरी येऊन जुना खण काढला, नवा बसवला. ओढून बघितला. छातीच्या उंचीला, हलका, आवाज नाही. हजेरी घ्यायला कुणी नाही. पण कुणा दुसऱ्याच्या बाबांची बाटली आता गोठणार नाही. तेवढंच धरून झोपते.

६ मार्च

शिंपीणबाई परत आल्या. वर येऊन गळ्यात पडल्या आणि मग पदराखालून एक डबा काढला. "काकांची औषधं. माझ्या फ्रीजमध्येच राहिली बघ."

चार महिने बाबा खाली जाऊन सुई घेत होते. सकाळ-संध्याकाळ. खणात बाटली गोठते हे त्यांना फ्रीज आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. "म्हणाले, कप्पा फक्कड आहे हो, फ्रीजच वेडा आहे. पण पोरीला वाटेल तिचाच कप्पा चुकला. तिला सांगू नका." बाईंनी विचारलं होतं, मग वर खणात काय ठेवता? रोज तर दाखवता तिला.

तर म्हणे हसले. "खोटा माल."

डब्यातल्या दोन्ही बाटल्या ठणठणीत आहेत. माझ्या कप्प्याने त्यांना मारलं नाही. माझ्या कप्प्यापायी ते रोज दोनदा तीन जिने चढत होते.