नाव न घेता

मिसरोद, भोपाळ
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांना मानसीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. घरमालकीणबाईंनी दिवाळीआधी रंगकाम काढलंय, त्यामुळे सामान पलंगावर आणि मी जमिनीवर. खोकला थांबला. तुमची शुगर तपासली का?

प्रकल्पाचं काम वेळेत चाललंय. तुम्ही विचारत असता, म्हणून नीट सांगते. वाचणाऱ्यासमोर पडद्यावर वाक्य तुकड्यातुकड्याने येतं. बटण दाबलं की पुढचा तुकडा. ‘वसुधाने वैशालीला छत्री दिली, कारण ती’ इथपर्यंत आलं की मन दोघींनाही धरून ठेवतं. ‘भिजत चालली होती’ वाचलं की एकीला सोडून देतं. आणि जिचं नाव आलेलंच नाही अशी ‘ती’ मध्येच उगवली, तर मन अडखळतं, तिला शोधत मागे जातं. अगदी क्षणभर. वाचणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, यंत्राला असतो.

शाळेच्या फाटकाशी मला उलटी व्हायची म्हणून चौथीपर्यंत तुम्हीच घरी शिकवलंत. मी गोष्ट सांगताना ‘मग तो म्हणाला’ असं सुरू केलं की तुमचा हात वर. “कोण तो? आधी माणूस उभा कर, मग त्याला बोलव.” हा विषय मी तिथूनच उचलला असं मला वाटतं. मुलाखतीतही मी तसंच सांगितलं होतं, अभिमानाने.

पन्नाशीपुढचे मराठी वाचक इथे पुरेसे मिळत नव्हते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिसलं की आपल्या उज्जैनच्या कमलिनीमावशी बहिणीकडे इथे इंद्रपुरीला आल्यात. आईच्या आजारपणात डबे पोचवणाऱ्या मावशी. मीच फोन केला. तुम्हाला विचारायचं राहिलं.

शनिवारी त्या आल्या. छान वाचलं त्यांनी, सावकाश, एकही उत्तर चुकलं नाही. नंतर मेघाने, ती माझ्याबरोबर काम करते, चहा मागवला. मावशी म्हणाल्या, “माझ्यात साखर नको गं. ह्यांना फिका लागतो, आता दोन दोन भांडी कोण चढवणार? मलाही सवय झाली.”

मावशींचं लग्न झालेलं नाही, हे सगळ्या उज्जैनला ठाऊक आहे. मेघालाही मी तसंच सांगितलं होतं. ती हसून म्हणाली, “ह्यांना म्हणजे किसको, मावशी?”

मेघा अडखळली, बाबा. मी अडखळले नाही. त्या क्षणी तुम्ही माझ्यासमोर उभे होतात, चष्म्यासकट.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “मानसी, तुला माहितीये ना? एप्रिलमध्येच तुला सांगितलं म्हणाले होते.”

मी म्हटलं, “हो, सांगितलंय की.” तुमच्यासाठी खोटं बोलले. त्यांनी कप घट्ट धरून ठेवला होता, तो खाली ठेवला. मग त्या बराच वेळ माझ्या तब्येतीबद्दल बोलत होत्या.

घरी येऊन वरुणला पुण्याला फोन लावला. “ताई, शादी-वादी काही नाही यार, कोर्टात जाऊन सह्या केल्या बस. तू टेन्शन घेतेस, झोपत नाहीस, म्हणून बाबा म्हणाले, ताईला आरामसे सांगू.”

“साक्षीदार कोण होतं?”

“मी. आणखी कोण असणार?”

धाकट्याला साक्षीला उभं केलंत आणि मला आरामात ठेवलंत.

मला तुमच्या लग्नाचं वाईट वाटलेलं नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय, आणि अजून ते पूर्ण खरं आहे का माहीत नाही. आईची आठवण आली, एवढं खरं. पण मला जे लागलं ते वेगळं आहे. एप्रिलपासून तुम्ही फोनवर म्हणत आलात, “आम्ही जेवलो”, “आम्ही जरा फिरून आलो.” त्या ‘आम्ही’त मी वरुणला बसवत होते. जूनमध्ये तो पुण्याला गेला, तर शेजारच्या यशवंतकाकांना बसवलं. एकसष्टीला पूजा नको, रविवारी नुसतं जेवण ठेवू म्हणालात, तेव्हा वाटलं, पूजेला शेजारी बसायला आई नाही म्हणून शांत नको. तुम्ही माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नाहीत. बाकीचं मी भरणार, आणि तुमच्या बाजूनेच भरणार, याची तुम्हाला खात्री होती. ती सवय तुम्हीच लावलीत. आणि माझी भीती, जी मी फक्त तुमच्यापाशी बोलत होते, तीच तुम्ही कारण म्हणून सगळ्यांना वाटलीत.

मावशींच्या वाचनाची नोंद मी बाद केलेली नाही. मेघा म्हणाली, बाद कर, तू त्या दिवशी ठीक नव्हतीस. पण त्या ठीक होत्या. त्यांची चूक काहीच नाही. त्यांना तुम्ही माझ्याबद्दल जे सांगितलंत ते खोटं होतं, हे मी त्यांना कळू दिलेलं नाही. ते तुम्ही सांगा.

रविवारी एकसष्टीची शांत करून घ्या. गुरुजींना सांगा, मावशी शेजारी बसतील. मी येणार नाही. तब्येतीचं कारण सांगू नका. मानसी रागावलीय असं सांगा, सगळ्यांसमोर.

फोनही करू नका. तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा तुमच्या बाजूने अर्थ लावायला लागेन. लिहा.

पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात. मला कळलं, पण ते तुमच्याकडून नाही.

मानसी