डायमंड हार्बरला परत आलेला नारळ

आई, आज आम्ही डायमंड हार्बरला जाऊन आलो. तू पाहिलंस त्यातलं पुष्कळसं अजून तसंच आहे. स्टेशनापासून नदीकडे जाणारा रस्ता, किल्ल्याच्या पडक्या विटांतून वाढलेले पिंपळ, आणि मग एकदम समोर येणारं ते पाणी, ज्याचा पलीकडचा काठ शोधावा लागतो. कंपनीची जहाजं इथे नांगर टाकून राहत, असं बाबांनी तेव्हा आपल्याला सांगितलं होतं. आज त्यांनी तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, मला पाहायला आलेल्या मंडळींना सांगितलं.

तुझी ती नारळी पौर्णिमा मला सारखी आठवत होती. मी फ्रॉकमध्ये आहे, आणि तू बालीगंजच्या स्वयंपाकघरात एकेक नारळ कानाशी हलवून पाहते आहेस. वेंगुर्ल्याचं बंदर सोडून कलकत्त्याला आल्यापासून तू समुद्र पाहिला नव्हतास. बाबांनी डायमंड हार्बरला तो दाखवायचं कबूल केलं होतं. काठाशी उतरून तू पाण्यात बोट बुडवलंस, जिभेला लावलंस आणि म्हणालीस, "आळणी आहे." बाबा म्हणाले, "मीठ पुढे आहे. तू टाक नारळ, तो जाईल शोधत." तू टाकला नाहीस. मला नांगरलेल्या होड्या दाखवल्यास. "जिकडून पाणी येतं तिकडे होडी तोंड करते. बघ, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. भरती आहे. आत्ता टाकला तर परत येईल." मग आपण बसून राहिलो. मधेच पाण्यातून एक काळी गुळगुळीत पाठ वर आली नि गेली. तो शुशुक, नदीतला मोठा मासा, असं नावाड्यानं सांगितलं. होड्या हळूहळू वळल्या, तू नारळ सोडलास, आणि आपली गाडी चुकली. "एका नारळापायी गाडी घालवली," बाबा स्टेशनवर पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढच्या श्रावणात तू नव्हतीस.

आज मुलगा, त्याची आई, बाबा आणि मी असे गेलो होतो. मुलगा बाबांच्याच कचेरीतला, त्याची दिल्लीला बदली झाली आहे. माणसं वाईट नाहीत, आणि तीच अडचण आहे. बाबा निवृत्त होऊन पुण्याला जाणार, त्याआधी माझं व्हावं असं त्यांना वाटतं. आणि मला यादवपूरकडे पूर्व बंगालातून आलेल्या मुलींची शाळा मिळते आहे. शाळा म्हणजे बांबूच्या तट्ट्यांची एक खोली. तिथल्या मुली गाव सोडून आल्या तरी पाढे विसरलेल्या नाहीत. आपल्या घरात पहिली मी बी.ए. झाले ती कशासाठी, याचं उत्तर मला त्या खोलीत मिळालं होतं. सोमवारी त्यांना कळवायचं आहे. गाडीत मी धीर करून म्हटलं, "मला शिकवायची इच्छा आहे." मुलगा हसून म्हणाला, "शिकवा की. आईला इंग्रजी शिकायचंच आहे." त्याची आई म्हणाली, "मला कशाला? आधी हिला विचार, नारळ सोलता येतो का." बाबा म्हणाले, "आईवर गेलीय. नारळापाशी अडायची नाही." सगळे हसले. मीही हसले.

काठावर पोचल्यावर मुलाच्या आईनं पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. "आज पौर्णिमा आहे. तुझ्याच हातून होऊ दे." मी होड्यांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती. आई, मी थांबले नाही. मुलाची आई मांजर आडवं गेलं तर रिक्षा थांबवणारी. नारळ परत आला की ती अपशकुन मानील आणि सगळं आपोआप मोडेल, असा हिशोब करून मी तो भर भरतीत टाकला. शकुन-अपशकुनावर कॉलेजात निबंध लिहून बक्षीस घेतलेली मी.

नारळ तरंगत थोडा वर सरकला आणि काठाच्या दगडांना येऊन लागला. मुलानं विजार दुमडली, खाली उतरून तो उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्याच्या आईचे डोळे भरून आले. "समुद्रानं ओटी भरली हो हिची," ती बाबांना म्हणाली. "आता वेगळं विचारायला नको." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते इतके सुटल्यासारखे दिसत होते की मी पदर पुढे केला. परतीच्या गाडीत दिल्लीच्या थंडीचं आणि लोकरीच्या कपड्यांचं बोलणं चाललं होतं. मी मांडीवरचा ओला नारळ सांभाळत खिडकीशी बसले होते.

तो आता देवापुढे आहे. उद्या नारळीभात कर, असं बाबा सांगून झोपले. मला कुणी विचारलं नाही, आणि मी नाही म्हटलेलं नाही. तूही बाबांना कधी 'मला वेंगुर्ल्याला न्या' असं म्हणाली नाहीस, नारळ मात्र ओहोटी पाहून सोडलास. तो पोचला असेल असं मी लहानपणी धरूनच चालले होते.

शाळेला चार ओळी लिहायला म्हणून कागद घेतला होता, आणि लिहिलं तुला. तुला लिहिलं की बाबांशी बोलल्यासारखं वाटतं आणि बोलावं लागत नाही.