जन्माआधीचं झबलं

बुधवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? मशीनवर अजून वाकूनच बसतेस का? आम्ही सगळे ठीक.

तीन वर्षांनी माझं पत्र पाहून दचकली असशील. मला नववा लागलाय. पाचवा सरेपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. नंतरही कोणी अभिनंदन केलं नाही. सिनेगॉगातल्या बायका आपल्या यहुदी रीतीप्रमाणे "चांगल्या घटकेला होऊ दे" एवढंच म्हणाल्या. दृष्ट लागू नये म्हणून घरात काही आणलेलं नाही. नावाचा विषयही निघत नाही. पाळणा दुकानातच आहे, सुटका झाल्यावर आणायचा.

गेल्या शनिवारी प्रार्थनेच्या वेळी ह्यांनी तोरा ग्रंथाच्या कपाटाची दारं उघडली. बायकोला नववा लागला की नवऱ्याला हा मान मिळतो, दारांसारखं बाळंतपणही सहज व्हावं म्हणून. हे पडले इलेक्ट्रिशियन. आधी बिजागऱ्या निरखू लागले. म्हातारे सेवेकरी पुटपुटले, "अहो, दुरुस्तीला नाही बोलावलं तुम्हाला!" वर बायकांच्या सज्जात मला हसू आवरेना.

जिन्यात आई चारचौघींत म्हणाली, "या खेपेला थोरलीला कळवू नका. मागच्या वेळी तिनं आधीच झबलं शिवलं आणि बाळ गेलं."

मी नेहमीसारखी गप्प बसले.

नाळ गळ्याभोवती अडकली होती, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते आईला पटत नाही. पण तिला जे माहीतच नव्हतं, ते वेगळं. झबलं मी मागितलं होतं. तू म्हणत होतीस, "आधी होऊ तर दे गं, एका दुपारी शिवून देईन." मीच रुसले, लाडीगोडी लावली, कोणाला कळणार नाही म्हणाले. बाळ गेल्यावर आईनं झबल्याचं विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू समोर उभी होतीस आणि ऐकून घेतलंस. का ऐकून घेतलंस? मला त्याचा अजून राग येतो, आणि स्वतःची लाज वाटते.

आज सकाळी आईला खरं सांगितलं. भाजी निवडत होती, हात थांबले. मग म्हणाली, "तीन वर्षं मी तिच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नाही." आणि उठून आत गेली.

ती तुला फोन करेल. उचलायचा की नाही, ते तू ठरव. मला फार वाटतं की बाळंतपणाला तू जवळ असावीस. पण ये म्हणणार नाही. तुझ्याकडे एकदा हट्ट करून झालाय.

तीन वर्षं तुला दोषी राहू देणारी,
तुझी धाकटी